गोव्यातून मोठ्या लीगमध्ये जाताना: फुटबॉल प्रशिक्षकासाठी करारापूर्वीचे आणि करारानंतरचे मार्गदर्शन

गोवा प्रोफेशनल लीगमध्ये (प्रो लीगमध्ये) एखाद्या प्रशिक्षकाचे दोन-तीन मोसम चांगले गेले की त्याच्याकडे राज्याबाहेरून विचारणा होऊ लागते. आधी आय-लीग या आता दुसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय लीगमधील एखादा संघ, मग इंडियन सुपर लीग (आयएसएल) या सर्वोच्च लीगमध्ये सहायकाची जागा आणि क्वचित कधी थेट मुख्य प्रशिक्षकपद. पुढील मजकूर या टप्प्यावर उभ्या असलेल्या प्रशिक्षकासाठी आहे. मोठ्या लीगमध्ये प्रशिक्षक का टिकतात आणि का कोसळतात, याची कारणे इंग्लंड-इटलीत शोधली काय किंवा फातोर्ड्याच्या मैदानावर शोधली काय, बहुतांशी सारखीच सापडतात. अपयशी ठरलेल्यांपैकी फार थोडे जण खेळाच्या ज्ञानात कमी पडलेले असतात, असे माझे मत आहे. जुन्या संघाबरोबर मिळालेल्या यशातला कोणता भाग आपला होता आणि कोणता त्या संघाचा, त्या गावाचा, त्या व्यवस्थापनाचा होता, याचा हिशेब त्यांनी निघण्यापूर्वी केलेला नसतो.

यशाची फोड

म्हणून पहिले काम हे हिशेबाचे. गेल्या दोन मोसमांतील जिंकलेले सामने एकेक करून लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे तो कशामुळे जिंकला हे एका ओळीत नोंदवावे: एकट्या स्ट्रायकरमुळे, कॉर्नर आणि फ्री किकच्या सरावामुळे, शेवटच्या वीस मिनिटांतील तंदुरुस्तीमुळे, की समोरचा संघच दुबळा होता म्हणून. यांपैकी काही गोष्टी प्रशिक्षकाबरोबर प्रवास करतात. सरावाची आखणी, सामना चालू असताना तो वाचण्याची नजर, चुकीचा बदल वेळीच ओळखण्याची सवय, एखादा विश्वासू सहायक, ही आपली मालमत्ता. मात्र आंतरग्राम स्पर्धांतून पोरे हेरून देणारी ओळखीची माणसे, सहा-सात वर्षे एकत्र खेळलेल्या बचावफळीची परस्परांची जाण, दोन सामने हरल्यावरही फोन न करणारा अध्यक्ष, या गोष्टी इथेच राहतात.

या बाबतीत आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांचे आहे. २००४-०५ ते २०११-१२ या काळात त्यांनी गोव्याच्या धेंपो संघाला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी यांच्यासारखे खेळाडू आणि जोडीला रांती मार्टिन्स व बेटो, असा तो संघ वर्षानुवर्षे एकत्र होता. २०११ मध्ये राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली तेव्हा त्यांच्या वाट्याला मोजके महिने आले आणि विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीने भारताला बाहेर काढले. २०१३ च्या अखेरीस ते ईस्ट बंगालकडे गेले, त्या मोसमात संघ आय-लीगमध्ये बंगळूर एफसीच्या मागे दुसरा आला, तरीही २०१५ च्या सुरुवातीला त्यांचा कोलकात्यातील मुक्काम संपला. दुसरे स्थान हे कोणत्याही निकषाने अपयश नव्हे. पण धेंपोकडे जे दशकभर मुरले होते, ते कोलकात्यात एका मोसमात उभे राहणे शक्य नव्हते आणि तिथे वाट पाहायला कोणी बसलेले नव्हते.

फोड करताना आणखी एक प्रश्न विचारणे भाग आहे: आपली खेळण्याची पद्धत प्रतिस्पर्ध्याविषयी काय गृहीत धरते? व्हिन्सेंट कोंपनी यांच्या बर्नलीने २०२२-२३ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत १०१ गुण मिळवले. चेंडू ताब्यात ठेवून, गोलरक्षकापासून बांधणी करत हा संघ वर आला. पुढच्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये तोच विचार घेऊन उतरल्यावर त्यांना २४ गुण मिळाले आणि संघ पुन्हा खाली गेला. पद्धत वाईट नव्हती. ती ज्या मोकळिकीवर उभी होती ती मोकळीक वरच्या श्रेणीत शिल्लक नव्हती, इतकेच. (बायर्न म्युनिकने याच कोंपनी यांना लगेच नेमले आणि २०२४-२५ मध्ये त्यांनी बुंडेसलीगा जिंकली. ताकदवान संघाच्या हाती तीच पद्धत वेगळी फळे देते.)

हे आपल्या पातळीवर तपासणे अवघड नाही. म्हापशाच्या धुळेर मैदानावरील प्रो लीगच्या एखाद्या सामन्याचे चित्रीकरण घ्यावे, शेजारी आयएसएलचा एखादा सामना लावावा, आणि मधल्या बचावपटूच्या पायाशी चेंडू आल्यापासून पहिला प्रतिस्पर्धी अंगावर येईपर्यंत किती वेळ जातो हे घड्याळ लावून मोजावे. दहा-पंधरा प्रसंग मोजले की फरक डोळ्यांसमोर येतो. आपल्या बांधणीला जेवढा वेळ लागतो तेवढा वरच्या लीगमध्ये मिळणार नसेल, तर दुसरा मार्ग तयार असल्याशिवाय जाऊ नये.

लीग मोठी असली, तरी संघ कोणता?

‘आयएसएल’ हा शब्द ऐकून होकार देणारे पुष्कळ आहेत. वास्तविक, लीगच्या आकारापेक्षा हाती येणारा संघ आणि आपली पद्धत यांच्यातील अंतर अधिक घातक ठरते. फ्रँक डी बोअर यांनी आयाक्सबरोबर सलग चार वेळा डच विजेतेपद जिंकले होते. २०१६ मध्ये मोसम तोंडावर आलेला असताना ते इंटर मिलानकडे गेले आणि ८५ दिवसांत पायउतार झाले. पुढच्या वर्षी क्रिस्टल पॅलेसने त्यांना घेतले. मागे राहून झटपट प्रतिहल्ला करणाऱ्या त्या संघाला त्यांनी वेगळ्याच साच्यात बसवायला घेतले, पहिले चारही लीग सामने एकही गोल न करता गमावले आणि ७७ दिवसांत नोकरी गेली. याउलट आर्ने स्लॉट २०२४ मध्ये फेयेनूर्डहून लिव्हरपूलला आले. युर्गन क्लॉप यांनी घडवलेला संघ त्यांच्या विचारांच्या जवळचा होता. त्या उन्हाळ्यात फेडेरिको किएसा सोडल्यास लगेच खेळू शकणारा नवा खेळाडूही आला नाही, आणि पहिल्याच मोसमात त्यांनी प्रीमियर लीग जिंकली. दोघेही डच लीगमधूनच वर आलेले, दोघांच्याही पाठीशी विजेतेपद. फरक होता तो त्यांच्या हाती काय आले याचा.

तेव्हा बोलणी चालू असतानाच काही गोष्टी नेमकेपणाने विचाराव्यात. खेळाडू कोण निवडतो? टेक्निकल डायरेक्टर किंवा स्पोर्टिंग डायरेक्टर असल्यास त्याच्याशी मतभेद झाल्यावर शेवटचा शब्द कुणाचा? आधीच्या प्रशिक्षकाला का काढले, आणि त्याच्या आधीच्याला का? परदेशी खेळाडूंपैकी किती जण आधीच करारबद्ध आहेत आणि ते कोणत्या जागी खेळतात? शेवटच्या प्रश्नाकडे आपले लोक हमखास दुर्लक्ष करतात. मैदानावर मोजकेच परदेशी उतरवता येत असल्यामुळे त्या जागा आधीच भरल्या असतील, तर संघाचा कणा दुसऱ्याने ठरवून ठेवलेला असतो. मुख्य प्रशिक्षकपदासाठी आयएसएलला एएफसी प्रो परवाना, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा सर्वोच्च परवाना, लागतो. तो नसेल तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे, आणि अभ्यासक्रमाला वेळ लागत असल्याने विचारणा येईपर्यंत थांबणे परवडणारे नाही.

मोसमाच्या मध्यावर आलेल्या बोलावण्याचा वेगळा विचार करावा. प्रशिक्षक खालिद जमील यांचा प्रवास इथे फार बोलका आहे. २०१६ मध्ये गोव्यातील तीन संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले, त्यामुळे खालच्या श्रेणीत गेलेल्या मिझोरामच्या आयझॉल एफसीला पुन्हा प्रवेश मिळाला आणि जमील यांनी त्याच मोसमात त्या संघाला विजेता करून दाखवले. (आपल्या माघारीचा हा उपपरिणाम गोव्यात कोणी फारसा आठवत नाही.) त्यानंतर ईस्ट बंगालने त्यांना नेले. २०१७-१८ मध्ये संघ चौथा आला आणि मोसम संपता संपता त्यांच्यावर टेक्निकल डायरेक्टर नेमला गेला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे त्यांनी हंगामी, म्हणजे तात्पुरते, प्रशिक्षक म्हणून हाती घेतली. कोविडमुळे आयएसएलचे सर्व सामने तेव्हा फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथेच होत होते, आणि विस्कटलेला तो संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या मोसमात ते पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झाले आणि संघ दहाव्या स्थानी राहिला.

माणूस तोच, संघाचे नाव तेच, मैदानेही तीच. काम मात्र निराळे होते. मध्यावर येणाऱ्याला बिघडलेली घडी बसवायची असते, खेळाडूही नव्या माणसापुढे स्वतःला सिद्ध करायला उत्सुक असतात. पूर्ण मोसमाच्या प्रशिक्षकाला संघ निवडावा लागतो, तो घडवावा लागतो आणि पहिली पडझड स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गेल्यानंतर एफसी गोवाला लीग शील्डपर्यंत (साखळीत अव्वल ठरणाऱ्या संघाच्या मानापर्यंत) नेले आणि २०२३ मध्ये ओडिशाबरोबर हंगामी प्रशिक्षक म्हणूनच सुपर कप जिंकला. त्यांचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही. परंतु हंगामी यश मिळालेल्या प्रशिक्षकाने त्याच बळावर पूर्ण मोसमाचा करार करताना, खेळाडू निवडीचा अधिकार आधी मागून घ्यावा.

बरोबर कोणाला न्यावे आणि तिथल्या कोणाला ठेवावे

लोबेरा २०२० मध्ये मुंबई सिटीकडे गेले तेव्हा एफसी गोवाचे अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमू आणि मंदार राव देसाई हेही मुंबईच्या संघात दाखल झाले. गोव्यात याचा राग आला होता आणि तो समजण्यासारखा होता, पण प्रशिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर इतकी नेमकी उचल क्वचितच दिसते. मधल्या फळीत चेंडू घेऊन खेळाची दिशा ठरवणारा जाहू आणि बचावाच्या मध्यभागी फॉल, म्हणजे त्या पद्धतीत शिकवायला सर्वांत अवघड अशा जागा पहिल्या दिवसापासून भरलेल्या होत्या. मुंबईने त्या मोसमात लीग शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही जिंकले. अंतिम सामना फातोर्ड्यातच झाला.

ओळखीचे खेळाडू नेणे हा मात्र सरसकट उपाय नाही. एरिक टेन हाग यांनी आयाक्सहून मँचेस्टर युनायटेडला जाताना लिसांद्रो मार्टिनेझ आणि अँटनी यांना नेले. मार्टिनेझ रुजला. अँटनीसाठी सुमारे साडेनऊ कोटी युरो मोजले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला स्पेनच्या बेटिसकडे उसना द्यावा लागला. जुन्या लीगमध्ये त्याला मिळणारी जागा इंग्लंडमध्ये मिळाली नाही, आणि एवढ्या किमतीमुळे प्रत्येक फसलेला ड्रिबल प्रशिक्षकाच्या खात्यावर मांडला गेला. म्हणून खेळाडू नेताना तो आपला लाडका आहे की आपल्या पद्धतीची एखादी अवघड जागा सांभाळतो, हे स्वतःला विचारावे. प्रो लीगमधील चार-पाच गोमंतकीय पोरांना एकदम बरोबर नेल्यास तिथल्या ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवसापासून दोन गट पडतात. दोघे पुरेत.

सहायकांच्या बाबतीत नियम याहून स्पष्ट आहे: एक माणूस आपला, एक माणूस तिथला. जोझे मोरिन्यो २००४ मध्ये पोर्तोहून चेल्सीला गेले तेव्हा त्यांनी आपले सहकारी नेले, रिकार्डो कार्व्हालो आणि पाउलो फेरेरा हे बचावपटू नेले, पण चेल्सीत आधीपासून असलेल्या स्टीव्ह क्लार्क यांनाही सहायक म्हणून हाताशी धरले. पहिल्याच मोसमात ९५ गुण आणि फक्त १५ गोल स्वीकारून विजेतेपद आले. आर्सेन वेंगर १९९६ मध्ये जपानमधून आर्सेनलला आले तेव्हा पॅट राइस हे तिथले जुने खेळाडू त्यांचे सहायक राहिले. डेव्हिड मॉइज २०१३ मध्ये एव्हर्टनहून मँचेस्टर युनायटेडला गेले आणि सर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या सहायकांपैकी माइक फेलन व रेने मुलेनस्टीन यांना जाऊ देऊन त्यांनी एव्हर्टनचे सहकारी आणले. दहा महिन्यांत त्यांना जावे लागले. हे एकमेव कारण नव्हते, संघही वयस्क झाला होता. तरी कोणत्या खेळाडूला चारचौघांत बोललेले चालत नाही आणि कोणाला चालते, हे सांगणारा माणूस आपणच घालवला तर ते शिकायला निम्मा मोसम जातो.

पहिले दीड-दोन महिने

नव्या ठिकाणी सर्व काही एकदम बदलण्याचा मोह आवरावा. वेंगर यांनी आर्सेनलमध्ये आहार, स्ट्रेचिंग आणि सरावाची शिस्त बदलली, पण टोनी अॅडम्स, ली डिक्सन, नायजेल विंटरबर्न यांची जुनी बचावफळी तशीच ठेवली. १९९७-९८ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही मिळाले. याच्या उलट २०११ मध्ये पोर्तोहून चेल्सीला आलेले आंद्रे व्हियास-बोआस अवघे ३३ वर्षांचे होते, म्हणजे फ्रँक लँपार्डच्या बरोबरीचे. ज्येष्ठांना घाईने बाजूला सारून नवी घडी बसवण्याचा त्यांचा प्रयत्न मार्च २०१२ पर्यंतच चालला. त्याच खेळाडूंनी दोन-अडीच महिन्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली. तरुण प्रशिक्षकाने ज्येष्ठांशी पहिल्या आठवड्यात एकेकट्याने बोलावे, प्रत्येकाला त्याची भूमिका स्पष्ट सांगावी आणि बाकावर बसवायचे असेल तर ते संघ जाहीर होण्याआधी स्वतः सांगावे.

भाषेचा बाऊ करू नये, पण तिला हलकेही घेऊ नये. मौरिसियो पोचेटिनो जानेवारी २०१३ मध्ये साउथॅम्प्टनला आले तेव्हा दुभाष्यामार्फत बोलत होते, आणि त्यांचे काही अडले नाही, कारण सरावाची आखणीच पुरेसे सांगत होती. आपल्या प्रशिक्षकापुढची अडचण निराळी असते. शिलाँग, कोलकाता किंवा कोची इथल्या संघात दोन गोमंतकीय खेळाडू असले की सूचना नकळत कोकणीत दिल्या जातात आणि उरलेले अठरा-वीस जण ऐकत राहतात. मैदानावर आणि ड्रेसिंग रूममध्ये सर्वांना कळेल अशीच भाषा वापरावी, वाक्ये छोटी ठेवावीत, आणि महत्त्वाची सूचना फळ्यावर काढून दाखवावी.

प्रवासाचा विचार आधी करावा लागतो. गोव्यात म्हापसा असो वा वास्को, सामना खेळून संघ त्याच रात्री घरी पोहोचतो. राष्ट्रीय लीगमध्ये आयझॉल किंवा श्रीनगर गाठायचे म्हणजे विमाने बदलणे, थंडी, उंची आणि कृत्रिम गवत. आठवड्यात सरावाचे जे चार-पाच दिवस आपण गृहीत धरतो त्यांतले दोन विमानतळांवर जातात. शिकवण्यावर भर देणाऱ्या प्रशिक्षकाला हे सर्वाधिक जाचते. त्यामुळे मोसमपूर्व शिबिरातच बचावाची रचना आणि सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) पक्के करून घ्यावेत, आणि मोसमात चालून पाहण्याचा सराव व चित्रफिती यांवर काम भागवण्याची तयारी ठेवावी.

आणि यश कशाने मोजणार, हे अध्यक्षांकडून पहिल्या बैठकीतच वदवून घ्यावे. अँज पोस्टेकोग्लू यांनी २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली, पण प्रीमियर लीगमध्ये संघ सतरावा आला, आणि करंडक हाती असतानाच त्यांना जावे लागले. कोलकात्यात तर डर्बीचा (शहरातल्याच दोन प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्याचा) निकाल गुणतक्त्यापेक्षा जड असतो. तिथे जाणाऱ्याने मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्याच्या आधीचे दोन आठवडे स्वतंत्रपणे आखून ठेवावेत.

करार

आपल्याकडे करार हा अखेरीस, घाईत आणि ओळखीच्या भरवशावर होतो. मोठ्या लीगमध्ये तो आधी वाचून घ्यावा, शक्यतो क्रीडाविषयक कामाचा अनुभव असलेल्या वकिलाकडून. मुदतीपूर्वी काढल्यास किती महिन्यांचे वेतन मिळणार, हे आकड्यात लिहिलेले असावे. बरोबर नेलेल्या सहायकांचा करार आपल्या कराराशी बांधलेला आहे की स्वतंत्र, हे स्पष्ट असावे. नाहीतर आपल्याला भरपाई मिळते आणि तो माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. २०२५-२६ चा आयएसएल मोसम ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही आणि काही क्लबांनी वेतन थांबवले, तेव्हा लीग लांबणीवर पडल्यास वेतनाचे काय, हे कलम आता टाळता येणार नाही. सराव आराखडे आणि स्वतः केलेल्या नोंदी आपल्याकडे राहतील, हेही लिहून घ्यावे.

काढले जाणे म्हणजे शेवट नव्हे, याला पुरावे आहेत. उनाय एमरी यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये आर्सेनलने काढले. २०२१ मध्ये व्हियारेआलबरोबर त्यांनी युरोपा लीग जिंकली आणि पुन्हा इंग्लंडला परतून अॅस्टन व्हिलाला वर आणले. जमील जमशेदपूरमार्गे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदापर्यंत पोहोचले. मात्र निघताना एक दक्षता घ्यावी. पराभवांच्या रांगेनंतर एखादा पदाधिकारी बाजूला बोलावून सन्मानाने राजीनामा देण्याचा सल्ला देतो. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्यावर भरपाईचा हक्क बहुधा उरत नाही. त्यामुळे त्या क्षणी काहीही सही न करता क्लबचा निर्णय लेखी मागावा, वकिलाला फोन करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी सरावाला हजर राहावे.